सतरा नंबरचा प्लॉट नेमका कुठे होता?

सतरा नंबरच्या प्लॉटवर, म्हणजे जंगलात झाडं मोजायला आखलेल्या एका वर्तुळात, आम्ही स्वतः उभं राहून ३१ मीटर उंचीचं झाड मोजलं होतं. विमानातून लेसरने जंगल मोजताना मिळालेल्या बिंदूंतून त्याच वर्तुळातल्या नोंदी कापून काढल्या, तेव्हा जमिनीपासून २२ मीटरच्या वर एकही बिंदू सापडला नाही. प्रश्न एकाच झाडाचा असता तर मोजणाऱ्याचा हात चुकला म्हणता आलं असतं. पण नोंदवहीत पन्नास सेंटिमीटरपेक्षा जाड बुंध्याची चार झाडं होती, आणि लेसरच्या चित्रात त्या वर्तुळात मोठ्या घेराचं एकच झाड होतं, तेही कडेला अर्धं कापलेलं.

हा प्लॉट हिशोबातून वगळा, असा पहिला सल्ला आला. कामाच्या घाईत तो पटण्यासारखा होता. बेचाळीस प्लॉटमधून एक गेला तर काय बिघडतं? वगळला असता तर लेसरवरून लाकडाचा अंदाज देणारं आमचं मॉडेल सुबक दिसलं असतं आणि आणखी आठ प्लॉटमध्ये शिरलेली एक चूक कधीच कळली नसती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. लेसरच्या चित्राशी जुळावा म्हणून प्लॉट सरकवणं आता सोपं झालं आहे, सॉफ्टवेअर ते काही मिनिटांत करून देतं. तो का सरकवतो आहोत, हे कळल्याशिवाय सरकवणं मात्र मला पुराव्यात हात घालण्यासारखं वाटतं.

काम काय होतं

डोंगरउतारावरचं मिश्र जंगल, काही भागात ओळीने लावलेली झाडं, काही भागात नवी दाट रोपवाढ. पद्धत या क्षेत्रातल्या कोणालाही परिचयाची. विमानातून लेसरने सगळं जंगल मोजायचं, जमिनीवर थोड्याच प्लॉटमध्ये प्रत्येक झाड मोजायचं, दोन्हींतलं नातं शोधायचं आणि त्या नात्याच्या आधारे उरलेल्या जंगलातल्या लाकडाचा अंदाज बांधायचा. नॉर्वेत एरिक नेसेट यांनी २००२ मध्ये ही दोन टप्प्यांची रीत प्रत्यक्ष कामात वापरता येईल अशी मांडली, आणि अनेक देशांची वनगणना आज तिच्यावर उभी आहे. तिचा सगळा भार एका गृहीतावर असतो. जमिनीवर आपण ज्या वर्तुळात झाडं मोजली आणि लेसरच्या बिंदूंतून जे वर्तुळ कापलं, ती दोन्ही एकच जागा आहे.

आमचं वर्तुळ १२.६२ मीटर त्रिज्येचं, म्हणजे ५०० चौरस मीटर. मध्यभागी लोखंडी गज ठोकलेला. दहा सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा व्यास, गजापासूनचं आडवं अंतर आणि कंपासवरची दिशा लिहिलेली. काही निवडक झाडांची उंची. गजाची जागा जीएनएसएस रिसीव्हरने, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांच्या संकेतांवरून जागा सांगणाऱ्या यंत्राने, घेतलेली. लेसरचं उड्डाण झाडं पूर्ण पानांत असताना झालं आणि त्यानंतर आठ महिन्यांनी आमची मोजणी.

हा शेवटचा क्रम महत्त्वाचा ठरला. प्लॉट वगळा म्हणणाऱ्यांचा तर्क असा होता की मधल्या काळात तोड झाली असेल. पण आम्ही उड्डाणानंतर गेलो होतो. आम्हाला उभं दिसलेलं झाड उड्डाणाच्या दिवशीही उभंच असणार, आणि आठ महिन्यांत कुठलंही झाड नऊ मीटर वाढत नाही. मोजणी आधी आणि उड्डाण नंतर असतं तर झाड पडलं किंवा तोडलं गेलं असं म्हणून विषय मिटवता आला असता. इथे तशी सोय नव्हती. झाड जवळपास कुठेतरी होतं. चुकली होती ती आमची जागा.

पाच मीटर म्हणजे किती?

झाडांच्या फांद्यापानांच्या घनदाट छत्राखाली जीएनएसएसची चूक काही मीटरची असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ‘काही मीटर’ हे शब्द कानाला सौम्य वाटतात, म्हणून आम्ही आधी भूमितीचा हिशोब मांडला. १२.६२ मीटर त्रिज्येचं वर्तुळ पाच मीटर सरकलं तर जुन्या आणि नव्या वर्तुळाचा सामाईक भाग ७५ टक्के उरतो. तीन मीटर सरकलं तर ८५ टक्के, सात मीटर सरकलं तर ६५ टक्के. हेच पाच मीटर ८.९२ मीटर त्रिज्येच्या, म्हणजे २५० चौरस मीटरच्या प्लॉटला ६५ टक्क्यांवर आणतात, तर १७.८४ मीटर त्रिज्येचा १००० चौरस मीटरचा प्लॉट ८२ टक्के शाबूत राहतो. गोबाक्केन आणि नेसेट यांनी २००९ मध्ये प्लॉटचा आकार आणि जागेची चूक यांचा परिणाम एकत्र तपासला होता, तो याच कारणासाठी. मोठा प्लॉट चूक सोसतो, लहान सोसत नाही.

अर्थात सामाईक भाग घटला म्हणजे अंदाज तेवढाच चुकतो असं नाही. एकाच वयाच्या, एकसारख्या झाडोऱ्यात पाच मीटर बाजूलाही तसंच जंगल असतं, आणि चूक असूनही आकडे जुळतात. सतरा नंबर अगदी उलट होता. एका बाजूला चार मोठी झाडं, दुसऱ्या बाजूला जुनी पडझड होऊन उघडी झालेली, आता लहान झाडांनी भरलेली जागा. अशा ठिकाणी पाच मीटरमध्ये जंगल बदलतं.

रिसीव्हरची नोंद काय सांगत होती

जागेची फाइल उघडली. पंधरा मिनिटांचं निरीक्षण, नंतर बेस स्टेशनच्या, म्हणजे माहीत असलेल्या जागी ठेवलेल्या रिसीव्हरच्या, नोंदींशी जोडून केलेली डिफरन्शियल दुरुस्ती, आणि शेवटी सॉफ्टवेअरने छापलेली अचूकता ०.६ मीटर. इथे बरेच जण थांबतात, आम्हीही आधी थांबलो होतो. पण त्याच ओळीत पुढे ‘फ्लोट’ हा शब्द होता. उपग्रहापासून रिसीव्हरपर्यंत लहरींच्या नेमक्या किती पूर्ण लांब्या आहेत, ती पूर्णांक संख्या सुटली की उत्तर ‘फिक्स्ड’ होतं. जीपीएसच्या एल-१ लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, त्यामुळे पूर्णांक सुटला की अचूकता सेंटिमीटरांत उतरते. छत्राखाली पानं, फांद्या आणि ओली खोडं संकेत दुबळा करतात, तोडतात, आणि परावर्तित होऊन वळसा घेऊन आलेला संकेत थेट आलेल्यात मिसळतात. पूर्णांक सुटत नाही, उत्तर फ्लोटच राहतं.

छापलेली ०.६ मीटर ही अचूकता म्हणजे त्या पंधरा मिनिटांतली उत्तरं एकमेकांपासून किती विखुरली, एवढंच. शेजारच्या जाड खोडावरून येणारं परावर्तन पंधरा मिनिटांत फारसं बदलत नाही, कारण तेवढ्या वेळात उपग्रह आकाशात थोडेच सरकतात. सगळी उत्तरं एकाच बाजूला ओढली जातात आणि ओढलेल्या जागी एकमेकांशी छान जुळतात. त्या ०.६ चा अर्थ इतकाच की रिसीव्हर ठाम होता. बरोबर असल्याची हमी त्यात नव्हती.

डोळ्यांनी जुळवून पाहिलं

मग झाडांचा नकाशा काढला. प्रत्येक झाडाला व्यासाच्या प्रमाणात गोल, आणि खाली लेसरपासून बनवलेला अर्ध्या मीटरच्या चौकोनांचा छत्र-उंची नकाशा. आम्ही तिघांनी एकमेकांना न सांगता झाडांचा थर हाताने सरकवून जिथे ‘बसतो’ असं वाटलं ती जागा लिहून ठेवली. दोघांचं उत्तर उताराच्या खालच्या अंगाला, सहा मीटरच्या आसपास. तिसऱ्याचं पश्चिमेला चार मीटर. तिघांनाही आपलंच उत्तर पटत होतं, आणि नीट पाहिलं तर तिघांच्याही जुळणीत दोनतीन झाडं कुठेच बसत नव्हती.

माणसाचा डोळा जुळवण्यात हुशार असतो, पण न जुळलेलं विसरण्यातही तो तितकाच हुशार असतो. म्हणून तेच काम संगणकाला दिलं. मोनेट आणि मेर्मिन यांनी २०१४ मध्ये मांडलेली कल्पना सरळ आहे. झाडांच्या जागा आणि व्यास यांवरून एक कृत्रिम छत्र-चित्र बनवायचं, ते लेसरच्या चित्रावर थोडं थोडं सरकवत प्रत्येक जागी दोन चित्रांचा सहसंबंध, म्हणजे ती एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, काढायचा, आणि तो सर्वांत जास्त कुठे येतो ते पाहायचं. व्यास वापरण्यात शहाणपण आहे. उंची सगळ्या झाडांची मोजलेली नसते, व्यास मात्र प्रत्येकाचा असतो, आणि मोठा बुंधा म्हणजे बहुधा उंच, रुंद छत्र.

आम्ही दोन्ही दिशांना पंधरा मीटरपर्यंत, अर्ध्या अर्ध्या मीटरने सरकवलं. एकसष्ट गुणिले एकसष्ट, म्हणजे ३७२१ जागा. त्यातून एक टोकदार शिखर यायला हवं होतं. आली ती एक लांबट धार, तिच्यावर दोन बुटके उंचवटे, एक उताराच्या खाली आणि एक पश्चिमेला. म्हणजे आम्हा तिघांत जो मतभेद होता तोच संगणकातही होता. दोष पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत नव्हता, नकाशातच होता. दोन जागा अर्धवट जुळत होत्या, कारण खरी जुळणी नुसतं सरकवून मिळणारच नव्हती.

कंपास

झाडांचा नकाशा फिरलेला असला तर? ही शंका आली तेव्हा लगेच फिरवण्याची मुभा देऊन पाहिली. दोन्ही बाजूंना वीस अंशांपर्यंत, एकेक अंशाने. ३७२१ जागा गुणिले ४१ कोन, दीड लाखांहून जास्त शक्यता. आता एकच ठळक शिखर आलं. उताराच्या खाली साडेसहा मीटर आणि ११ अंश घड्याळाच्या उलट.

इथे आनंद झाला, पण मी सगळ्यांना थांबवलं. दीड लाख शक्यतांतून सर्वोत्तम निवडली की ती आधीच्यापेक्षा चांगली दिसणारच, त्यात नवल नाही. सत्तावीस झाडांचा नकाशा एवढी मोकळीक मिळाल्यावर कुठल्याही जंगलात कुठेतरी बरा बसेल. हे ११ अंश खरे असतील तर त्यांना सतरा नंबरच्या बाहेर काहीतरी कारण असलं पाहिजे, आणि ते कारण इतर प्लॉटमध्येही दिसलं पाहिजे.

म्हणून तीच आज्ञावली सगळ्या प्लॉटवर चालवली. फक्त कोनाकडे पाहिलं, सरकणं बाजूला ठेवलं. ज्या प्लॉटमध्ये स्पष्ट शिखर आलं त्यांचे कोन दोन गठ्ठ्यांत पडले. मोठा गठ्ठा शून्याच्या आसपास. लहान गठ्ठा, नऊ प्लॉटचा, अकराच्या आसपास. सतरा नंबर त्या नऊंतला एक.

तारीख, माणसं, उतार, झाडोरा, कशानेच हे नऊ वेगळे पडेनात. शेवटी आमच्यातला सगळ्यांत धाकटा, नोंदवह्या उतरवून घेणारा मुलगा म्हणाला, “ताई, पहिल्या पानावर कंपासचा नंबर लिहायला तुम्हीच सांगितलं होतं ना? या नऊंमध्ये दोन नंबरचा कंपास आहे.”

दोन नंबरच्या कंपासला दिक्पात दुरुस्त करायचा स्क्रू होता. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन, म्हणजे दिक्पात, त्या भागात ११ अंश पूर्व. कोणीतरी तो काळजीपूर्वक स्क्रूवर लावून ठेवला होता, म्हणजे तो कंपास थेट खरी दिशा दाखवत होता. एक नंबरचा साधा, चुंबकीय दिशा दाखवणारा. कार्यालयात आल्यावर दोघांच्याही नोंदींत सरसकट ११ मिळवले गेले. एका कंपासची दुरुस्ती झाली, दुसऱ्याची दोनदा झाली, आणि त्याची सगळी झाडं आपापल्या गजाभोवती घड्याळाच्या दिशेने ११ अंश फिरली.

कोनाचा आकार आणि दिशा मिळून कारण बोलतात, हे यातून मला लख्ख कळलं. फरक दिक्पाताएवढा असेल तर दुरुस्ती झालीच नाही किंवा दोनदा झाली, आणि या दोहोंतलं काय ते नकाशा कोणत्या बाजूला फिरला यावरून ठरतं. फरक दिक्पाताच्या दुप्पट असेल तर दुरुस्तीचं चिन्ह उलटं पडलं. दिक्पात वर्षागणिक थोडा बदलतो, त्यामुळे जुन्या नकाशावरचा आकडा वापरला तर एखाददुसऱ्या अंशाचा फरक राहू शकतो. आमच्याकडे कारण वहीत सापडलं, म्हणून दुरुस्तीही वहीतूनच केली. नऊ प्लॉटच्या दिशांतून बरोबर ११ वजा केले. जुळणीतून आलेला कोन पुरावा म्हणून वापरला, दुरुस्ती म्हणून नाही.

एका गोष्टीने मला बराच काळ चकवलं होतं, ती नोंदवते. प्लॉट वर्तुळाकार असेल तर झाडं गजाभोवती फिरल्याने प्लॉटच्या एकूण आकड्यांत काहीच बदल होत नाही. तीच झाडं, तेच व्यास, तेवढंच लाकूड. म्हणून कंपासची चूक लाकडाच्या हिशोबात कधीच दिसली नसती. ती दिसते फक्त प्लॉट जुळवायला घेतल्यावर, आणि तेव्हा खरा केंद्रबिंदू झाकून टाकते. बारा मीटरवरचं झाड ११ अंशांनी २.३ मीटर हलतं, तीन मीटरवरचं जेमतेम अर्धा मीटर. कडेची मोठी झाडं एका दिशेने ओढतात, मधली दुसरीकडे, आणि शिखराची धार होते.

पुन्हा सरकवलं

दिशा दुरुस्त केल्यावर फिरवण्याची मुभा काढून घेतली आणि फक्त सरकवून पाहिलं. या वेळी शिखर एकच, टोकदार, उताराच्या खाली ६.५ मीटर. पश्चिमेचा उंचवटा नाहीसा झाला.

पण ‘उताराच्या खाली’ हे शब्द खटकत होते. जीएनएसएसची चूक प्लॉटगणिक कुठल्याही दिशेला जायला हवी. बाकीचे प्लॉट पाहिले तर तशीच जात होती, तरी एकूण कल किंचित उताराकडे होता. उताराकडे ओढणारी दोन कारणं माहीत आहेत. एक म्हणजे उतारावरचं अंतर आडवं न करता तसंच वापरणं. २५ अंशांच्या उतारावर दोरीने मोजलेले दहा मीटर आडवे ९.०६ मीटरच असतात. पण त्याने नकाशा उताराच्या रेषेत वर आणि खाली दोन्हीकडे ताणला जातो, एका बाजूला सरकत नाही. शिवाय आमचं अंतर मोजणारं उपकरण कोन धरून आडवं अंतरच देत होतं. दुसरं कारण झाडांचं स्वतःचं आहे. उतारावरचं झाड प्रकाशाकडे, म्हणजे उताराच्या मोकळ्या अंगाला छत्र पसरतं. आपण बुंध्याची जागा मोजतो, लेसर शेंड्याची आणि छत्राची मोजतो. दोन्ही बरोबर असूनही त्या दोन जागा एक नसतात.

हे तपासायला आमच्याकडे हक्काचे प्लॉट होते. काही प्लॉट उघड्या जागांजवळ होते, तिथे फिक्स्ड उत्तर मिळालेलं होतं, म्हणजे त्यांची जागा काही सेंटिमीटरांत पक्की. त्यांना जुळवलं तर सरकणं शून्य यायला हवं. सपाटीवरच्यांचं जवळजवळ शून्य आलं, उतारावरच्यांचं पाऊण मीटरच्या आसपास, आणि तेही खालच्या बाजूला. म्हणजे साडेसहा मीटरांत जेमतेम मीटरभर झाडांच्या झुकण्याचं होतं, बाकीची रिसीव्हरची चूक.

हे पक्के प्लॉट नसते तर आणखी एका शक्यतेला उत्तर देता आलं नसतं. सगळेच प्लॉट एकाच दिशेने, एकाच अंतराने सरकलेले दिसले तर दोष झाडांचा किंवा छत्राखालच्या संकेताचा नसतो, दोन नकाशांच्या आधारभूत चौकटींचा, म्हणजे जागा ज्या आधारावर मोजतात त्या व्यवस्थांचा, असतो. ऑस्ट्रेलियाची जीडीए-९४ आणि जीडीए-२०२० ही दोन चौकटींची नावं कागदावर जवळजवळ सारखी दिसतात, पण खंड सरकत राहिल्यामुळे त्यांच्यात सुमारे १.८ मीटरचं अंतर आहे. एकीत विमान आणि दुसरीत प्लॉट असेल तर प्रत्येक प्लॉट ईशान्य-नैर्ऋत्य रेषेवर तेवढाच चुकतो, आणि एकेकट्या प्लॉटमध्ये ते कधीच उमगत नाही. आमच्या पक्क्या सपाट प्लॉटांनी ही शंका फेटाळली.

जुन्या वनगणनेचे प्लॉट हाताशी असतील त्यांनी तारीखही पाहावी. जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० रोजी बंद झाली. त्याआधी एकट्या रिसीव्हरने घेतलेली जागा शंभर मीटरपर्यंतही चुकलेली असू शकते, आणि पंधरा मीटरच्या शोधात ती सापडणार नाही.

गजाकडे परत

जुळणीवर विश्वास ठेवावा का, हे जुळणीलाच विचारता येत नाही. म्हणून परत गेलो. सतरा नंबरपासून सुमारे १४० मीटरवर झाडं पडून झालेली उघडी जागा होती. तिथे दोन बिंदूंवर लांब निरीक्षण करून फिक्स्ड जागा घेतल्या आणि तिथून टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, टप्प्याटप्प्याने बिंदूमागून बिंदू मोजत (ट्रॅव्हर्स) खोडांमधून गजापर्यंत आलो. झाडीतून दृष्टीची रेषा मिळवायला पूर्ण दिवस गेला. गज जागेवर होता, भोवती गवत वाढलेलं.

गजाची खरी जागा जुन्या नोंदीपासून ५.७ मीटर दूर निघाली, जुळणीने सांगितलेल्याच दिशेला. जुळणीने दाखवलेलं केंद्र गजापासून ०.८ मीटर, उताराच्या खालच्या अंगाला. झुकण्याचा हिशोब जिथे बोट दाखवत होता तिथेच. आणि ३१ मीटरचं झाड? नव्या वर्तुळात लेसरचा सर्वांत उंच बिंदू ३०.४ मीटरवर होता. लेसर नेमक्या शेंड्यावर क्वचितच आदळतो, त्याच्या उंच्या सहसा थोड्या कमीच येतात, त्यामुळे हा फरक साजेसा होता.

मग एक खरा पेच आला. मॉडेलसाठी कोणती जागा घ्यायची, गजाची की जुळणीची? गज हे सत्य आहे, पुन्हा मोजणी करायला माणूस गजाकडेच जाणार. पण मॉडेलला हवं आहे ते मोजलेल्या झाडांचं छत्र, आणि ते पाऊण मीटर खाली आहे. आमच्यात यावर बराच वाद झाला. मी दोन्ही जागा ठेवण्याच्या बाजूची होते आणि तसंच ठरलं. तक्त्यात गजाची जागा वेगळ्या रकान्यात, लेसर कापण्याची जागा वेगळ्या रकान्यात, आणि पुढे कारण. एकाच रकान्यात गजाच्या जागेवर जुळणीची जागा लिहून टाकली असती तर पुढच्या मोजणीला आलेल्या माणसाने गज चुकीच्या जागी शोधला असता.

कोणाला सरकवायचं, कोणाला नाही

सतरा नंबर सुटल्यावर उरलेल्या फ्लोट उत्तरांच्या प्लॉटचा प्रश्न आला. इथेच एक मोह समोर ठेवला गेला. जुळणीची भानगड कशाला? प्रत्येक प्लॉट थोडा थोडा सरकवून जिथे मॉडेलचा अंदाज आणि मोजलेलं लाकूड सर्वांत जवळ येतात ती जागा धरावी. सुचवणारा माणूस प्रामाणिक होता आणि त्याला वेळ वाचवायचा होता. मी याला ठाम नकार दिला. प्रत्येक प्लॉटला ३७२१ जागांमधून निवड दिली की जंगलाशी काडीचा संबंध नसलेलं मॉडेलही सुंदर जुळेल. ज्या आकड्याने मॉडेलची परीक्षा घ्यायची त्याच आकड्याकडे पाहून प्लॉट हलवला, तर ती परीक्षा उरत नाही. झाडांच्या जागा आणि व्यासांचा परस्पर आकृतिबंध जुळवणं वेगळं, कारण त्यात एकूण लाकडाचा आकडा कुठेच येत नाही. ही सीमारेषा शंभर टक्के निर्मळ नाही, व्यासातूनच लाकूड मोजलं जातं हे मान्य आहे. तरी जुळणीत मोजला जातो तो झाडांच्या मांडणीचा आकार, बेरीज नाही.

नियम आधी ठरवले आणि मग चित्रं उघडली. पहिलं शिखर दुसऱ्यापेक्षा स्पष्ट उंच हवं. सरकणं त्या प्रकारच्या जीएनएसएस उत्तराला शोभेल एवढंच हवं, बारा मीटर आलं तर आधी वही तपासायची. मोठी झाडं पुरेशी हवीत. आणि शेवटी, मॉडेलचा निकाल न पाहिलेल्या माणसाने जुळणी डोळ्याखालून घालायची.

ओळीने लावलेल्या झाडांच्या भागाने चांगलाच धडा दिला. तिथे सहसंबंधाची शिखरं दर तीन मीटरवर पुन्हा पुन्हा येत होती, कारण ओळींतलं अंतर तीन मीटर. नकाशा एक ओळ पुढे सरकवला तरी तेवढाच छान बसतो. सर्वांत उंच शिखर निवडणारी आज्ञावली अशा ठिकाणी मोठ्या विश्वासाने चुकीच्या ओळीवर जाऊन बसते. हे प्लॉट आम्ही सरकवले नाहीत. जिथे ओळींत एखादी रिकामी जागा किंवा जुनं मोठं झाड होतं तिथे ओळख पटली, बाकीच्यांची जागा पुन्हा मोजली. दाट रोपवाढीच्या प्लॉटमध्ये शिखरच नव्हतं, सगळं सपाट. तिथे काहीच केलं नाही. आसपास दूरवर तसंच जंगल असल्यामुळे दोनचार मीटरांनी लाकडाच्या आकड्यात फरक पडत नव्हता.

निकालात दोन गोष्टी घडल्या. सतरा नंबर मॉडेलच्या रेषेवर येऊन बसला, म्हणजे त्याचं मोजलेलं लाकूड मॉडेलच्या अंदाजाशी जुळलं. आणि आधी रेषेवर असलेला एकोणतीस नंबर, नियमाप्रमाणे चार मीटर सरकवल्यावर रेषेपासून दूर गेला. त्याची जुनी जागा परत द्यावी अशी मागणी झाली. जुळणी तर स्वच्छ होती, प्रत्येक मोठं हिरवं झाड आपल्या छत्राखाली. वहीत शोधलं तेव्हा दोन प्रचंड, उभी वाळलेली झाडं सापडली, जाड बुंध्याची, माथा मोडलेली, निष्पर्ण. आमच्या मोजणीत त्यांचं लाकूड धरलं होतं, लेसरला मात्र त्यांच्यात परतून येण्यासारखं फारसं काही मिळालं नव्हतं. आधीच्या चुकीच्या वर्तुळात शेजारचं हिरवं मोठं झाड अर्धं आत आलं होतं आणि त्याने ती उणीव योगायोगाने भरून काढली होती.

एकोणतीस नंबर सरकवलेल्या जागीच राहिला, रेषेपासून दूर, हिशोबात सामील. वाळलेल्या उभ्या झाडांचं लाकूड आता वेगळ्या रकान्यात मोजलं जातं. दोन नंबरच्या कंपासचा स्क्रू शून्यावर आणून त्यावर रंगाचा ठिपका लावला आहे, आणि वहीच्या प्रत्येक प्लॉटच्या पानावर कंपासचा नंबर, दिशा चुंबकीय की खरी, आणि रिसीव्हरचं उत्तर फिक्स्ड की फ्लोट, असे तीन रकाने छापून घेतले आहेत.